विश्वास नसेल, तेव्हाच करार हवा

(मंचाच्या या वर्षीच्या स्नेहसंमेलनात झालेल्या भाषणाचा मजकूर. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी, थोडा संक्षिप्त करून.)



जेवणानंतरच्या सत्रात अण्वस्त्रांवर बोलायचं म्हणजे श्रोत्यांची आणि वक्त्याची, दोघांचीही परीक्षाच. पण कार्यकारिणीने विषय दिला तो असा : महासत्तांमधली शांतता आणि सहकार्य. तो ऐकून एका जुन्या मित्राने मला फोनवर विचारलं, "अरे, हे सगळे एकमेकांच्या उरावर बसलेत आणि तू सहकार्याच्या गोष्टी काय करतोस? आणि मुळात आपल्याला विचारतो कोण?" त्याचे दोन्ही प्रश्न रास्त आहेत. माझं आजचं बोलणं म्हणजे या दोन प्रश्नांचं उत्तर आहे, असं समजा.

आधी निमित्त सांगतो. अमेरिका आणि रशिया यांच्या लांब पल्ल्याच्या अण्वस्त्रांवर मर्यादा घालणारा शेवटचा करार म्हणजे 'न्यू स्टार्ट'. तो २०१० साली प्राग इथे झाला, २०११ साली लागू झाला. प्रत्येक बाजूने जास्तीत जास्त १,५५० अण्वस्त्रं तैनात ठेवायची, अशी त्यात अट होती. त्याची मुदत ५ फेब्रुवारी २०२६ रोजी संपली. आपल्यापैकी किती जणांनी त्या दिवशी ही बातमी वाचली, हे मी विचारत नाही. रोजच्या बातम्यांच्या गदारोळात ती बाजूला पडली. पण स्टॉकहोमच्या 'सिप्री' या संस्थेच्या अंदाजानुसार जानेवारी २०२५ मध्ये जगात सुमारे १२,२४१ अण्वस्त्रं होती, आणि त्यांतली बहुतेक सगळी या दोन देशांकडे. म्हणजे ही बातमी बाजूला पडण्यासारखी नव्हती.

शांततेबद्दल बोलताना आपण नेहमी मैत्रीची भाषा वापरतो. हिंदी-चिनी भाई भाई झालं, तसं अमुक-तमुक भाई भाई व्हावेत, मग सगळं ठीक होईल. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. मैत्री असेल तर करार लागतच नाही. अमेरिका आणि कॅनडा एकमेकांची क्षेपणास्त्रं मोजत बसत नाहीत. करार लागतो तो विश्वास नसतो तेव्हा. आणि विश्वास नसताना सहकार्य टिकायचं असेल, तर त्यात एकमेकांना तपासून बघण्याची सोय हवी. ही सोय जिथे होती तिथे कट्टर वैऱ्यांनीही एकमेकांबरोबर काम केलं. ती नव्हती तिथे दगाफटका झाला. दोन्ही प्रकारची उदाहरणं देतो.

आपल्यापैकी जे पन्नाशी ओलांडलेले आहेत आणि भारतात वाढले, त्यांनी आपल्या हाताकडे बघावं. लहानपणी देवी टोचल्याचा वण सापडेल. 'देवी काढणं' हा शब्दप्रयोग आपल्या आईवडिलांच्या पिढीला रोजचा होता. आपल्या मुलांना तो समजतही नाही. तो समजत नाही हीच मोठी गोष्ट आहे. विसाव्या शतकात या रोगाने जगभरात सुमारे ३० कोटी माणसं मारली असा अंदाज आहे. जगली त्यांतल्या कित्येकांचे चेहरे विद्रूप झाले, कित्येकांचे डोळे गेले.

हा रोग पृथ्वीवरून घालवायचा प्रस्ताव कुणी मांडला? १९५८ साली जागतिक आरोग्य परिषद अमेरिकेत मिनियापोलिसला भरली होती. तिथे सोव्हिएत संघाचे उपआरोग्यमंत्री व्हिक्टर झ्दानोव यांनी तो मांडला. शीतयुद्ध ऐन भरात होतं. आदल्याच वर्षी स्पुतनिक उडाला होता आणि अमेरिका हादरली होती. अशा वेळी या सोव्हिएत डॉक्टरने आपल्या म्हणण्याला आधार म्हणून नाव घेतलं ते अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष थॉमस जेफरसन यांचं, त्यांनी लशीचा शोध लावणाऱ्या जेन्नरला १८०६ साली लिहिलेल्या पत्राचं.

१९६७ साली मोहीम जोरात सुरू झाली तेव्हा तिचे प्रमुख होते डी. ए. हेंडरसन, म्हणजे अमेरिकन. लशीचा मोठा हिस्सा आला सोव्हिएत संघाकडून. त्या देशाने एकूण सुमारे १४० कोटी मात्रा मोफत दिल्या. दोन टोकांची साधी सुई, जिच्यामुळे थोड्या लशीत जास्त माणसं टोचता आली आणि गावातला कुणीही थोड्या वेळात टोचायला शिकू शकला, ती शोधली अमेरिकन कंपनीतल्या शास्त्रज्ञाने, आणि कंपनीने तिच्यावर मानधन घेतलं नाही. दारोदार फिरून रोगी शोधणारे हजारो कर्मचारी अर्थातच आपले, भारतातले. १९७४ साली बिहारमध्ये भयंकर साथ होती. मे १९७५ मध्ये भारतातला शेवटचा रोगी सापडला. ८ मे १९८० रोजी जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. याच काळात व्हिएतनाममध्ये युद्ध चालू होतं, प्रागमध्ये रणगाडे घुसले होते, आणि दोन्ही महासत्तांची अण्वस्त्रं वाढतच होती. दोघांचं भांडण मिटलं नव्हतं. एक काम मात्र त्यांनी मिळून केलं.

इथे थांबलो तर भाषण गोड होईल. पण आपला मंच स्वतःला विवेकवादी म्हणवतो, तेव्हा गोष्टीचा उरलेला अर्धा भागही सांगायला हवा.

लस वाटणारा हाच सोव्हिएत संघ गुपचूप देवीच्या विषाणूचं अस्त्र बनवत होता. त्यांच्या जैविक शस्त्रांच्या कार्यक्रमातले एक वरिष्ठ अधिकारी केन अलिबेक १९९२ साली अमेरिकेत आले. १९९९ साली त्यांनी पुस्तक लिहिलं आणि त्यात हे सगळं सांगितलं. अस्त्रासाठी निवडलेला विषाणू १९६७ साली भारतातून नेलेल्या नमुन्यांतला होता, असंही त्यांनी लिहिलंय. ज्या मोहिमेने आपल्याला वाचवलं, तिच्याच आडून हा नमुना गेला. हे वाचून कुणाच्याही अंगावर काटा येईल.

माझा फोनवरचा मित्र इथे म्हणेल, "बघ, सांगितलं नव्हतं? असल्यांवर विश्वास ठेवायचाच नसतो."

अगदी बरोबर. ठेवायचाच नसतो. पण मग करायचं काय, याचं उत्तर दोन करार शेजारी ठेवून पाहिलं की मिळतं.

पहिला, १९७२ चा जैविक अस्त्रबंदी करार. उद्देश उदात्त, शब्द कडक : जैविक अस्त्रं बनवायची नाहीत, साठवायची नाहीत. पण कोण पाळतंय, कोण नाही, हे बघायची सोयच त्यात नव्हती. एकही निरीक्षक नाही, एकही भेट नाही. सोव्हिएत संघाने सही केली आणि त्यानंतर आपला गुप्त कार्यक्रम आणखी वाढवला. १९७९ साली स्वेर्दलोव्स्क शहरात लष्करी प्रयोगशाळेतून अँथ्रॅक्सचे जंतू निसटले, साठाहून अधिक माणसं मेली. सरकारने सांगितलं, खराब मांस खाल्लं म्हणून मेली. खरं काय ते सोव्हिएत संघ कोसळल्यावर बाहेर आलं. आणि २००१ साली या करारात तपासणीची तरतूद घालायचा प्रयत्न चालू होता, तेव्हा तो मसुदा अमेरिकेने नाकारला, हेही इथे राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

दुसरा करार १९८७ चा, रेगन आणि गोर्बाचेव यांनी वॉशिंग्टनमध्ये सही केलेला. मध्यम पल्ल्याची जमिनीवरून सोडायची सगळी क्षेपणास्त्रं नष्ट करायची. "विश्वास ठेव, पण खात्री करून घे" ही रशियन म्हण रेगन यांनी त्या वेळी इतक्यांदा वापरली की गोर्बाचेव वैतागले. पण म्हणीला साजेशी व्यवस्था करारात होती. रशियात व्होत्किन्स्क नावाच्या गावी क्षेपणास्त्रांचा कारखाना आहे. त्याच्या दाराशी अमेरिकन निरीक्षक मुक्कामाला राहिले. आणि इकडे यूटा राज्यात मॅग्ना इथल्या कारखान्याच्या दाराशी सोव्हिएत निरीक्षक. एकदोन दिवस नव्हे, तेरा वर्षं. फाटकातून बाहेर पडणारी मोठी पेटी तपासायची, मोजायची, नोंद करायची. कंटाळवाणं काम. १९९१ पर्यंत २,६९२ क्षेपणास्त्रं तोडून, जाळून, फोडून संपवली. त्या वेळी सोव्हिएत संघ बदलला होता हे खरं, पण अमेरिकेच्या सेनेटने केवळ त्या बदलावर विसंबून मान्यता दिली नसती.

तेरा वर्षांचा हा तपासणीचा काळ २००१ साली संपला. पुढे काही वर्षांनी रशियाने कराराबाहेरचं क्षेपणास्त्र बनवल्याचा आरोप अमेरिकेने केला, रशियाने तो नाकारला, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये करार मोडला. कोण खरं, कोण खोटं, याचा निवाडा करायला तोवर फाटकाशी कुणीच उरलं नव्हतं.

'न्यू स्टार्ट'मध्येही वर्षाला अठरा तपासण्यांची सोय होती. त्या एकूण ३२८ झाल्या. शिवाय दोन्ही बाजूंनी एकमेकांना २५,००० हून अधिक सूचना पाठवल्या : अमुक क्षेपणास्त्र अमुक तळावरून हलवलं, अमुक विमान दुरुस्तीला गेलं. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे तपासण्या थांबल्या, त्या पुन्हा सुरू झाल्याच नाहीत. फेब्रुवारी २०२३ मध्ये, युक्रेनवरील आक्रमणाला एक वर्ष होत असताना, रशियाने करारातला सहभागच स्थगित केला. म्हणजे मुदत संपायच्या सहा वर्षं आधीच त्यातली डोळे उघडे ठेवायची सोय बंद पडली होती. समोरच्याकडे काय आहे हे कळत नाही, तेव्हा प्रत्येक देश वाईटात वाईट गृहीत धरतो आणि त्या हिशेबाने स्वतःची शस्त्रं वाढवतो. धोका आहे तो इथे.

आता मित्राचा दुसरा प्रश्न. आपल्याला विचारतो कोण?

१९५० च्या दशकात दोन्ही महासत्ता उघड्या आकाशात अणुचाचण्या करत होत्या. बिकिनी बेटावरच्या स्फोटानंतर, एप्रिल १९५४ मध्ये, चाचण्या थांबवा असं लोकसभेत म्हणणारे नेहरू हे जगातले पहिले पंतप्रधान. त्यांचं कुणी ऐकलं नाही. मग अमेरिकेत सेंट लुइस शहरातल्या काही डॉक्टरांनी आणि गृहिणींनी १९५८ च्या अखेरीस एक साधी गोष्ट सुरू केली. मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करायचे. स्फोटांतून उडणारं स्ट्रॉन्शियम-९० पावसाबरोबर गवतावर पडतं, गवतातून गायीच्या दुधात येतं, दुधातून मुलांच्या हाडांत आणि दातांत. दात पाठवणाऱ्या मुलाला शर्टावर लावायचा बिल्ला मिळायचा. काही वर्षांत तीन लाखांहून अधिक दात जमले. डॉ. लुईझ राइस यांनी १९६१ साली पहिले निष्कर्ष छापले : जसजशा चाचण्या वाढल्या, तसतसं दातांतलं स्ट्रॉन्शियम वाढत गेलं. ऑगस्ट १९६३ मध्ये मॉस्कोत करार झाला, हवेत, पाण्यात आणि अवकाशात चाचण्या बंद झाल्या. त्याआधी सेनेटच्या समितीपुढे या दातांची साक्ष झाली होती. करारामागे क्यूबाच्या संकटाची धास्ती होतीच. पण आयांनी पाकिटात घालून पाठवलेल्या दातांचाही त्यात वाटा होता.

जमिनीखालच्या चाचण्या मात्र चालूच राहिल्या. त्या थांबवायच्या तर लपूनछपून केलेली चाचणी ओळखणार कशी, असा अमेरिकी सरकारचा आक्षेप असे. १९८६ साली एका अमेरिकी पर्यावरण संस्थेने सरकारची वाट न बघता सोव्हिएत विज्ञान अकादमीशी थेट बोलणी केली. त्या उन्हाळ्यात अमेरिकन शास्त्रज्ञ भूकंपमापक यंत्रं घेऊन कझाकस्तानात, सेमिपालातिन्स्कच्या चाचणीक्षेत्राजवळ जाऊन बसले. ज्या भागात परक्या माणसाला पाऊल टाकायची मुभा नव्हती, तिथे. खासगी नागरिकांनी दाखवून दिलं की तपासणी शक्य आहे. आक्षेपाचा जोर कमी झाला, आणि पुढच्या वर्षी 'तपासणीला सोव्हिएत तयार होणार नाहीत' असं कुणी म्हणू शकलं नाही.

तिसरं उदाहरण आपल्या घरातलं. १९९१ साली एम.आय.टी.तल्या थॉमस नेफ नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लेख लिहून सुचवलं की सोव्हिएत अस्त्रांतलं युरेनियम अमेरिकेने विकत घ्यावं, पातळ करावं आणि वीजकेंद्रांत जाळावं. १९९३ साली तसा करार झाला. २०१३ पर्यंत ५०० टन युरेनियम, म्हणजे सुमारे २०,००० अस्त्रांपुरतं, इथे येऊन वीज बनलं. त्या काळात अमेरिकेतल्या एकूण विजेपैकी सुमारे दहा टक्के त्यातून येत होती. १९९० नंतर या देशात आलेल्या मंडळींनी गणपतीच्या आरासाला लावलेल्या माळांमध्येही आपल्या शहरांवर रोखलेल्या बॉम्बची वीज वाहिली असणार. कल्पना एका प्राध्यापकाच्या वर्तमानपत्री लेखातून निघाली होती.

आता थोडं अवघड बोलतो, कारण ते आपल्याबद्दल आहे.

आजची मुख्य स्पर्धा अमेरिका आणि चीन यांची आहे. 'सिप्री'च्या अंदाजाप्रमाणे जानेवारी २०२५ मध्ये चीनकडे निदान ६०० अण्वस्त्रं होती आणि संख्या वेगाने वाढत होती. अमेरिका-रशिया यांच्यासारखा तपासणीचा करार या दोघांमध्ये कधी झालेलाच नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये लिमा इथे बायडेन आणि शी यांनी एवढं मान्य केलं की अण्वस्त्र वापरायचा निर्णय माणसाच्या हाती राहावा, यंत्रबुद्धीच्या नव्हे. सुरुवात म्हणून चांगलं आहे, पण ते पाळलं जातंय की नाही हे बघायला कुणी नाही.

आपल्या बैठकांमध्ये, व्हॉट्सॅपच्या गटांमध्ये एक सूर मला वारंवार ऐकू येतो : अमेरिका आणि चीनचं बिनसलं की भारताचं भलं. चिनी विद्यार्थ्यांना व्हिसा नाकारला, चिनी प्राध्यापकांवर चौकशी लागली, की आपल्याकडे थोडं समाधान पसरतं. गलवानमध्ये २०२० साली आपले जवान मारले गेले, त्याचा राग मी समजू शकतो. तो मलाही आहे. पण सरकारशी असलेला झगडा शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यावर काढणं वेगळं. २०१८ ते २०२२ या काळात इथल्या न्याय खात्याने 'चायना इनिशिएटिव्ह' चालवलं. त्यात चिनी वंशाच्या अनेक संशोधकांवर खटले भरले आणि त्यांतले बरेच मागे घ्यावे लागले. परक्या नावाच्या माणसाकडे संशयाने बघायची सवय एकदा लागली की ती एका नावापाशी थांबत नाही. ९/११ नंतर या देशात दाढी-पगडीवाल्या शीख बांधवांचं काय झालं, ते आपण पाहिलंय.

शिवाय नुकसान आपलंही होतं. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने आणि बीजिंगच्या वैद्यकीय विद्यापीठाने मिळून चीनमध्ये सुमारे अडीच लाख गरोदर स्त्रियांवर अभ्यास केला. गरोदरपणाच्या आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड घेतलं तर बाळाच्या मणक्यातला जन्मदोष किती टळतो, हे त्यातून स्पष्ट झालं. हा दोष जास्त आढळणाऱ्या उत्तर चीनमध्ये त्याचं प्रमाण तीन-चतुर्थांशाहून अधिक घटलं. आज आपल्या सुनांना-लेकींना डॉक्टर जी गोळी देतात, तिच्यामागे या कामाचाही आधार आहे. ज्या विज्ञान करारामुळे असं काम होऊ शकतं तो १९७९ चा. डिसेंबर २०२४ मध्ये त्याला पाच वर्षांची मुदतवाढ मिळाली, पण व्याप्ती कमी करून.

कुणी म्हणेल, हे सगळं युरोप-अमेरिकेत चालतं, आपल्या उपखंडात नाही. तर एक साधी गोष्ट सांगतो. भारत आणि पाकिस्तान १९९२ पासून दर १ जानेवारीला आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात, युद्धात त्यांच्यावर हल्ला करायचा नाही म्हणून. कारगिल झालं, संसदेवर हल्ला झाला, सीमेवर सैन्य समोरासमोर उभं राहिलं, यादी जात राहिली. याद्या देणाऱ्यांचं एकमेकांवर प्रेम आहे असं कुणी म्हणणार नाही. तरीही ते काम चालू राहिलं, आणि ते चालू राहिलं याचा आपण आनंद मानायला हवा.

करायचं काय? तीन गोष्टी सुचवतो. तुम्ही मतदार असाल तर आपल्या सेनेटरच्या कार्यालयाला फोन करा. करार मंजूर व्हायला सेनेटमध्ये दोन-तृतीयांश मतं लागतात, तेव्हा तिथला एकेक सदस्य महत्त्वाचा आहे. फोनवर "शांतता हवी" एवढंच म्हणू नका, त्यावर सगळेच हो म्हणतात. विचारा : रशिया आणि चीनबरोबर प्रत्यक्ष तपासणी असलेला करार व्हावा यासाठी तुम्ही काय करताय? दुसरी गोष्ट, आपल्यात विद्यापीठांत आणि प्रयोगशाळांत काम करणारे कितीतरी जण आहेत. चिनी किंवा रशियन सहकाऱ्यावर केवळ नावामुळे बालंट आलं तर त्याच्या बाजूने दोन ओळी लिहायला पुढे या. तिसरी, गटात "एकदाचा बॉम्ब टाका" असा संदेश आला तर गप्प बसू नका. तिथेच, सौम्य शब्दांत, विचारा की कोणत्या शहरावर, आणि त्या शहरात राहतं कोण.

हे वाचून किंवा ऐकून माझा मित्र पूर्ण पटेल असं मला वाटत नाही. त्याने आज यायचं कबूल केलं होतं, मागच्या रांगेत बसलेला दिसतोय. पहिला प्रश्न त्याचा घेऊ या.